पंप मारायचा न्हाई

आमच्या घरात नवऱ्याला दमा आहे आणि मला राग. दोन्ही दुखणी जुनी, दोन्ही आभाळ भरून आलं की बळावतात आणि दोन्हींवर सल्ला द्यायला अख्खी गल्ली एका पायावर तयार असते. फरक एवढाच की दम्यावर औषध आहे. तळहातात मावणारा पंप तोंडात धरायचा, सकाळी दोनदा दाबायचा, संध्याकाळी दोनदा दाबायचा, की माणूस किल्ल्याची चढण चढतो आणि वर जाऊन भांडतोसुद्धा. माझ्या रागावर असं काही निघालेलं नाही. निघालं तरी मी घेणार नाही, कारण राग नसता तर धारूरच्या शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवणं मला जमलं नसतं.

आमचे हे, म्हणजे उत्तरेश्वर, सरकारी कचेरीत अव्वल कारकून आहेत. नवऱ्याचं नाव मी फक्त रागात घेते, म्हणजे जवळजवळ रोजच. या माणसाला पंपाची लाज वाटायची. पंप म्हणजे शेवटची पायरी, पंपाची सवय लागते, एकदा लागली की सुटत नाही, असं त्यांच्याबरोबरच्या विद्वानांचं मत होतं. हे मत ते विद्वान तंबाखू मळता मळता द्यायचे. ह्यांनी पंप स्वेटरांच्या घडीखाली ठेवला होता. वस्तू कुठे ठेवली म्हणजे ती कुणालाच सापडत नाही, हे ज्ञान ह्यांनी नोकरीतून घरी आणलं होतं.

शेजारच्या सुंदरबाई काकूंनी पंपाला पर्याय म्हणून आजवर काय काय सुचवलं ते सांगत बसले तर माझाच दम संपेल. काळ्या शेळीचं दूध झालं. कांद्याच्या रसात मध झाला. मृगाला हैदराबादला जाऊन जिवंत मासा गिळायचाही बेत झाला, तो ह्यांना मासा बघूनच मळमळतं म्हणून राहिला. कोजागिरीची खीर चांदण्यात ठेवून झाली, ती मांजराने खाल्ली. त्या मांजराला त्यानंतर एकदाही धाप लागलेली नाही, हे काकू आजही पुराव्यादाखल सांगतात.

आणि मग आला धुळाजीचा काढा.

धुळाजी मेंढपाळ आहे. घाटाच्या अंगाला त्याचा वाडा, म्हणजे मेंढरांचा वाडा. स्वतः तो त्याच्याच कडेला पत्र्याखाली राहतो. डोंगरातला अडुळसा, रिंगणी आणि आणखी कसल्या मुळ्या उकळून तो काळा कुळकुळीत काढा देतो. पैसे घेत नाही, त्यामुळे लोकांचा विश्वास जास्तच. ह्यांनी एका रविवारी माझ्या नकळत जाऊन बाटली आणली आणि त्याबरोबर पथ्यही आणलं. पथ्य एकच होतं, तो सगळ्यांनाच सांगायचा तेच: काढा चालू आहे तोवर पंप मारायचा नाही.

पंप मारायचा नाही. बारावीपर्यंत शास्त्र शिकलेला माणूस हे वाक्य माझ्यासमोर देवाचा कौल मिळावा तसं म्हणाला. आठ दिवसांत त्यांची छाती बासरीसारखी वाजायला लागली. मी पलंगावर बसून ती बासरी ऐकायची आणि मला भीती वाटायची. मला भीती वाटली की राग येतो, ही माझी खोड आहे. लोकांना फक्त राग दिसतो. त्या दिवशी मी ह्यांना म्हणाले की काढ्यात दम आहे की पंपात, ते मी शास्त्रशुद्ध चाचणी घेऊन दाखवते. दोन-चार रविवारांचं काम असेल असं मला तेव्हा वाटलं होतं.

डॉक्टर धनश्री ही माझीच विद्यार्थिनी, आता आमच्या गावात दवाखाना चालवते. तिने माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मॅडम, काढा की पंप असं नाही विचारायचं; पंप सगळ्यांना चालूच ठेवायचा आणि त्याच्या जोडीला काढा देऊन काही वाढीव फायदा होतो का ते बघायचं. शिवाय अर्ध्या लोकांना खरा काढा आणि अर्ध्यांना तसाच दिसणारा खोटा, आणि कुणाला कोणता हे फक्त तिला ठाऊक. मला ते पटलं. ती जिथे शिकली त्या कॉलेजच्या समितीची परवानगी तिने काढली. उरलं काय, तर चाळीस माणसं, चाळीस पंप आणि धुळाजी.

माणसं गावातच जमली. पंप सरकारकडून मिळतील असं कुणीतरी म्हणालं, म्हणून मी बीडला गेले. तिथल्या एका कचेरीत मला चार टेबलं फिरवून पाचव्यावर बसवलं. तिथल्या गृहस्थांनी अर्ज वाचला. किती पंप, तर चाळीस. कशासाठी, तर दम्याच्या लोकांना काढ्याच्या जोडीला. त्यांनी 'काढ्याच्या जोडीला' हे शब्द लाल पेनाने खोडले आणि शासनात जोडीला असं काही नसतं, एका अर्जात एकच विषय असतो, असं मला समजावलं. मग 'दम्याच्या' हेही त्यांनी खोडलं. लाभार्थी शेतकरी आहेत का, असं विचारलं. सव्वीस आहेत, म्हटलं. मग सातबारा जोडा, म्हणाले.

माझी कानशिलं तापली. या राज्यात माणसाला श्वास घ्यायला सातबारा लागतो का, असं मी मोठ्याने विचारलं, आणि ते शांतपणे म्हणाले, छायांकित प्रत चालेल. मी सव्वीस सातबारे जोडले. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर ह्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. सातबारा जोडलेला बरा असतो, म्हणाले. दोन महिने उत्तर आलं नाही. शेवटी धनश्रीने एका संस्थेकडून पंप मिळवले आणि मी तो अर्ज विसरून गेले.

आता धुळाजी. चाचणी म्हटल्यावर हा माणूस बिथरेल असं मला वाटलं होतं. तो मेंढराच्या खुरातला काटा काढत बसला होता. सगळं ऐकून म्हणाला, घ्या की, मला बी कळंल. मग मी मुद्द्यावर आले. मी म्हटलं, धुळाजी, पंप सगळ्यांनी मारलाच पाहिजे, तुमचं पथ्य मला मान्य नाही.

त्याने मान वर केली. "पंप लई वाईट, बाई. समदं नाकातोंडात जातंय."

मी म्हटलं, अहो, ते तोंडातच जायला पाहिजे.

"तोंडात?" त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग काटा काढायला लागला. शिकलेल्या बाईच्या नादी लागू नये असं त्याने ठरवलेलं मला स्पष्ट दिसलं, आणि अडाणी माणसाच्या नादी लागू नये असं मी ठरवलं. एकमत झालं.

खोटा काढा करायचं काम माझ्याकडे आलं. गूळ, चहापत्ती, कडुनिंबाचा पाला असं सगळं मी मोठ्या पातेल्यात उकळलं. तीन दिवस घरात वास होता. सुंदरबाई काकू दोनदा डोकावून गेल्या आणि रोहिणीबाई घरात काहीतरी कातडं शिजवतात असं गल्लीत पसरलं. मी शाकाहारी आहे हे त्या गल्लीला बावीस वर्षं माहीत आहे.

धनश्रीने भरून दिलेल्या बाटल्यांवर तिने सांगितलं तसं मी 'अ' आणि 'ब' लिहिलं. वर्णमालेतली साधी अक्षरं, कुणाचं काही वाकडं करणार नाहीत असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी आमच्या वॉर्डातले पुढारी अभिमन्यूभाऊ दारात. म्हणाले, मॅडम, अ म्हणजे असली आणि ब म्हणजे बनावट, हे आमच्या माणसांना कळत न्हाई असं समजू नका. त्यांच्या गटातल्या नऊ जणांना ब आला होता आणि विरोधी गटातल्या सात जणांना अ. चिठ्ठ्या डॉक्टरने काढल्या होत्या असं मी सांगितलं, तर ते म्हणाले, आरक्षणाची सोडत बी चिठ्ठ्या टाकूनच काढत्यात. मी चिडून अक्षरं खोडली आणि आकडे घातले, १ आणि २. तासाभरात निम्मी माणसं बाटल्या परत घेऊन आली. आमी काय दोन नंबरवाले हाव का, असं कडूबाई मला शाळेच्या फाटकात सगळ्यांसमोर म्हणाली. कडूबाईची चार एकर कपाशी आहे आणि तिचा आवाज आठ एकरांचा आहे.

शेवटी धनश्रीने लाल झाकण आणि पांढरं झाकण केलं आणि खरी खूण बाटलीच्या बुडाला केली. लोकांनी आपसात झाकणं बदलली. बदलू देत म्हणाली.

अशी ती चाचणी श्रावणात सुरू झाली. फुंकर मोजायचं एक यंत्र असतं; त्यात जोराने फुंकायचं आणि काटा किती सरकला ते लिहायचं. दर रविवारी शाळेत चाळीस माणसं फुंकायला यायची. पंपाच्या पाठीवर आकडा असतो, दाबला की एकाने उतरतो. त्यामुळे कोण पंप घेतो आणि कोण नाही ते मला दिसायचं. सगळ्यांचे आकडे शिस्तीत उतरत होते. आमच्या ह्यांचा तर इतका चोख, की मला भरून आलं. नोंदवही तेच लिहायचे, सुंदर अक्षरात, समास सोडून.

फक्त ह्यांची फुंकर वाढेना. कडूबाई आणि तिच्याबरोबरची शेतकरी मंडळी रविवारागणिक काटा पुढे ढकलत होती. ह्यांचा काटा मागे येत होता. दोनशे ऐंशी, मग अडीचशे, मग दोनशे दहा. हे म्हणायचे, हवा खराब आहे. मी म्हणायचे, हवा काय कडूबाईला वेगळी आहे का? पाचव्या आठवड्यात भाजीची पिशवी घेऊन हे ओटा चढले आणि पायरीवर बसून राहिले. मी पाणी नेलं. तांब्या हातात घ्यायला त्यांना हात उचलवेना. त्या दिवशी मी ह्यांना, धनश्रीला, सरकारला आणि दूध उशिरा आणलं म्हणून दूधवाल्यालाही बोलले. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

सहा आठवड्यांनी, रविवारी दुपारी, शाळेच्या हॉलमध्ये निकाल. चाळीसही जण आले. धुळाजीला मीच बोलावलं होतं; तो दाराशी उकिडवा बसला. मी ठरवल्याप्रमाणे लोकांनी पंप जमा केले, धनश्रीने ते आकडे पुन्हा तपासायला पिशवीत भरून घेतले. नवे सोमवारी मिळणार होते. मग तिने निकाल सांगितला. खरा काढा घेणारे आणि खोटा काढा घेणारे यांच्यात काही फरक नाही. पण शेतकऱ्यांची फुंकर वाढली, लाल झाकण असो की पांढरं. आणि पगारवाले, पेन्शनवाले असे चौदा जण होते, त्यांची सगळ्यांची कमी झाली. असं का, ते तिला कळत नव्हतं. एवढ्यात दवाखान्यातून बाळंतपणाचा फोन आला आणि ती पिशवी घेऊन तशीच धावली.

मी फळ्यासमोर उभी राहिले. अभिमन्यूभाऊ म्हणत होते की हे औषध शेतकरी हिताचं दिसतंय. मी चौदा जणांकडे बघत होते. वर्गात कॉपी झाली की मला वासाने कळतं. मी विचारलं, पंप खरोखर तोंडात धरून घेतला का? सगळे आमच्या ह्यांच्याकडे बघायला लागले.

शेवटी आप्पा उठले. आप्पा म्हणजे आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांच्या हाताखाली मी अकरा वर्षं प्रामाणिकपणाची शपथ म्हटली. म्हणाले, बाई, पथ्य होतं ना. काढा चालू असताना पंप मारायचा नाही. मग आकड्याचं काय करायचं, तर उत्तरेश्वररावांनी युक्ती सांगितली. परसात जायचं आणि हवेत दोनदा दाबायचा.

हवेत. आमच्या परसात कढीपत्ता आहे. सहा आठवडे सकाळ-संध्याकाळ माझ्या नवऱ्याने दम्याचं औषध कढीपत्त्याला दिलं, आणि मग आत येऊन समास सोडून वहीत लिहिलं. त्या झाडाला या जन्मी दमा होणार नाही.

पण ह्यांच्यावर मी ओरडले नाही. माझा सगळा राग दारातल्या माणसाकडे गेला. मी म्हटलं, धुळाजी, सहा आठवडे तुम्ही या लोकांचा जीव घेत होतात, माझ्या घरातल्या माणसाचा जीव घेत होतात, तुम्हाला दुसऱ्याच्या श्वासाशी खेळायचा काय अधिकार आहे, आणि आणखी बरंच. तो उठून उभा राहिला होता आणि एक शब्द बोलत नव्हता. त्यामुळे मी आणखीच चढले. तेवढ्यात हे मध्ये पडायला उठले. त्यांची चूक नाही, असं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि शब्दाच्या जागी नुसती हवा आली. तीही नीट येईना. ओठ निळे पडायला लागले.

मी पंप म्हणून ओरडले. चाळीस दमेकऱ्यांच्या त्या हॉलमध्ये एकही पंप नव्हता. सगळे मोजणीला गेले होते, आणि ती व्यवस्था माझी होती. कुणीतरी दवाखान्याकडे पळालं. मी ह्यांना धरून खाली बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला राग आला नाही. नुसती भीती आली, कोरडी.

धुळाजीने कमरेची चंची सोडली. सुपारीच्या खणातून त्याने पंप काढला, निळा, घासून पांढरा पडलेला. धोतराच्या सोग्याला पुसला आणि ह्यांच्या पुढ्यात बसला. "सायब, समदा दम सोडा. आता वढा. धरा. धरा. सोडा." पुन्हा दाबला. "वढा. धरा." मी शाळेत शिकवते त्यापेक्षा नीट शिकवत होता. सातव्या-आठव्या वेळी ह्यांच्या नाकपुड्या फुलायच्या थांबल्या. धनश्री येईपर्यंत ह्यांचे ओठ पुन्हा माणसासारखे झाले होते.

मी धुळाजीला विचारलं की तुम्ही स्वतः पंप घेता, आणि लोकांना घेऊ नका म्हणता?

"ह्याला मी पंप कुटं म्हणतो, बाई? हे वढायचं अवशद. मला बी दमाच हाय, बारा साल झाले." मग तो पाठीमागे हात करून म्हणाला, "पंप म्हंजी पाठीवरला. फवारणीचा. त्यो मारला की इख नाकातोंडात जातंय, मंग काढ्याचा बाप बी काय करनार. म्हणून म्हणलतो, काढा चालू हाय तवर पंप मारायचा न्हाई."

कडूबाई म्हणाली, "आमी तर तेच समजलो. सहा हप्ते फवाराच बंद हाय माझा. तुमी दुसरं काय समजला?"

आम्ही दुसरं काय समजलो. सव्वीस शेतकऱ्यांनी पाठीवरचा पंप बंद केला, तोंडातला चालू ठेवला, आणि बरे झाले. चौदा शिकलेल्यांच्या पाठीवर जन्मात पंप नव्हता, म्हणून त्यांनी तोंडातला बंद केला. आणि मी, विज्ञानाची शिक्षिका, त्या माणसाच्या वाड्यावर जाऊन त्याला सांगून आले होते की कपाशीवरचं विष तोंडातच गेलं पाहिजे. तरी त्याने मला काढा दिला, चांगला दोन कॅन. मी त्याच्या पाया पडायला हवं होतं. ते मला जमलं नाही. मी म्हटलं, धुळाजी, चुकलं. तो म्हणाला, इचारायचं व्हतं, बाई. बास एवढंच. ते अजून माझ्या डोक्यात फिरतं. वर्गात मी पोरांना सांगत असते, विचारा, विचारायला लाजू नका.

ह्यांना दवाखान्यात दोन दिवस वाफ द्यावी लागली. घरी आल्यावर मी एक शब्द बोलले नाही, आणि त्याची ह्यांना फार दहशत बसली.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, भरदुपारी, गल्लीत एक टेम्पो येऊन उभा राहिला. ड्रायव्हर म्हणाला, रोहिणी मॅडम कोण, सही पाहिजे. मागे ताडपत्री होती. त्याने ती ओढली. आत पिवळेधमक, पट्टेवाले, नळीवाले, पाठीवर अडकवायचे पंप होते. मोजून चाळीस. सोबत पत्र होतं: आपल्या मागणीनुसार व जोडलेल्या सातबाऱ्यांस अनुसरून, फवारणी पंप, नग चाळीस.

सुंदरबाई काकू बाहेर आल्या. अभिमन्यूभाऊ कुठून कळलं कोण जाणे, पण आले, आणि वाटपाचा कार्यक्रम कधी ठेवायचा असं विचारायला लागले. माझी कानशिलं तापली. मी ते पत्र घेऊन बीडला जाणार होते, त्या पाचव्या टेबलापर्यंत जाणार होते, काय काय बोलायचं तेही ठरत आलं होतं. तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला. हे हसत होते. चाळीस पिवळ्या पंपांकडे बघून पोट धरून हसत होते, आणि हसता हसता त्यांना ढास लागली.

मी वळले. अख्खी गल्ली बघत होती, काकू, भाऊ, ड्रायव्हर, सगळे. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, शर्टाच्या वरच्या खिशातून पंप काढला आणि सगळ्यांसमोर तोंडात धरला. दम सोडला, ओढला, धरला. मग पुन्हा एकदा.

मी मोजत होते. दोन झाले. मग मी ड्रायव्हरला म्हटलं, बघत काय बसलात, गाडी वळवा.